गाण्यांच्या फाइली लहान करा, पण आवाजाला धक्का न लावता

संगणकाची डिस्क भरत आली की नजर जाते ती गाण्यांच्या फोल्डरवर. मग 'फाइल लहान करा' असं सांगणारं एखादं सॉफ्टवेअर सापडतं, एक बटण दाबलं की चाळीस एमबीचं गाणं चार एमबीचं होतं आणि जागा मोकळी झाल्याच्या आनंदात मूळ फाइली पुसल्या जातात. पुढे कधीतरी चांगल्या हेडफोनवर तेच गाणं लावलं, की झांजेचा नाद हळूहळू विरण्याऐवजी फरफरत संपताना ऐकू येतो, टाळ्यांच्या कडकडाटाचा नुसता खरखराट होतो. तोवर मूळ फाइल गेलेली असते आणि ती परत आणायचा कोणताही मार्ग नसतो.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून हा लेख. माझा स्वतःचा संग्रह मी याच क्रमाने आवरला आहे. या कामात सॉफ्टवेअरपेक्षा क्रम महत्त्वाचा: आधी आपल्याकडे काय आहे ते पाहायचं, मग बॅकअप, मग रूपांतर, मग पडताळणी. पुसणं सगळ्यात शेवटी.

## सुरुवातीला एवढं समजून घ्या

ऑडिओ फाइल लहान करण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली लॉसलेस. हिच्यात फाइल लहान होते, पण वाजवताना मूळ आकडे एकही बिट न बदलता जसेच्या तसे परत मिळतात. फ्लॅक, ॲपल लॉसलेस म्हणजे एएलएसी आणि वेव्हपॅक हे या घरातले प्रकार. दुसरी लॉसी. माणसाच्या कानाला जे ऐकू येण्याची शक्यता कमी, ते हिच्यात कायमचं टाकून दिलं जातं. एमपीथ्री, एएसी, ओपस आणि व्हॉर्बिस हे या गटातले.

लॉसी म्हणजे वाईट, असं अजिबात नाही. नीट बनवलेली लॉसी फाइल आणि मूळ यांतला फरक बहुतेकांना ओळखता येत नाही. पण ती ऐकण्याची प्रत आहे, जपून ठेवण्याची नाही. जपायची प्रत लॉसलेस ठेवायची आणि फोनसाठी लागेल तेव्हा तिच्यापासून छोटी प्रत काढायची. पुढचं सगळं या एका नियमावर उभं आहे.

## काय काय लागेल

- भरपूर मोकळी जागा असलेली बाहेरची हार्ड डिस्क. काम संपेपर्यंत मूळ आणि नव्या अशा दोन्ही प्रती ठेवाव्या लागतात.
- रूपांतर करणारं सॉफ्टवेअर. विंडोजवर फूबार२०००, मॅकवर एक्सएलडी. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणारं हवं असेल तर फ्रीॲक. तिन्ही फुकट आहेत.
- आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं स्पेक. हेही फुकट.
- टॅग (फाइलीतच लिहिलेली गाण्याचं नाव, गायक, अल्बम अशी माहिती) आणि कव्हर सांभाळण्यासाठी एमपीथ्रीटॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड.
- साधे पण बरे तारेचे हेडफोन. पडताळणी करताना ब्लूटूथ नको. का ते नवव्या पायरीत येईल.

फाइल अपलोड करायला लावणारी ऑनलाइन कन्व्हर्टर संकेतस्थळं या कामासाठी वापरू नका. तिथे कोणता एन्कोडर (आवाजाची फाइल बनवणारा प्रोग्रॅम) कोणत्या सेटिंगवर चालतो ते कळत नाही आणि शेकडो फाइली चढवणं-उतरवणं हाच मोठा व्याप होऊन बसतो.

## १. हाताशी काय आहे ते पाहा

संग्रहातल्या फाइली प्रकारानुसार वेगळ्या करा. फूबार२००० मध्ये गाण्यावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की कोडेक (आवाज साठवण्याची पद्धत), बिटरेट (सेकंदाला किती बिट), सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या लाटेची किती मापं) आणि बिट डेप्थ (एक सॅम्पल किती बिटांचं) दिसतात. फक्त फाइलच्या नावामागचं एक्स्टेन्शन पाहून ठरवू नका. एमफोरए नावाची फाइल लॉसलेस एएलएसी असू शकते किंवा लॉसी एएसीही. साधारण चार मिनिटांचं गाणं आठ एमबीचं असेल तर ते एएसी. पंचवीस-तीस एमबीचं असेल तर बहुतेक एएलएसी.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सीडीचं उदाहरण घेऊ. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतात, प्रत्येक सॅम्पल १६ बिटांचं आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. तिन्हींचा गुणाकार केला की १४११ केबीपीएस (सेकंदाला हजार बिट) येतात, म्हणजे मिनिटाला साडेदहा एमबीहून थोडं जास्त. वेव्ह आणि एआयएफएफ फाइलींमध्ये हा आवाज कोणत्याही कपातीशिवाय ठेवलेला असतो, म्हणून त्या एवढ्या मोठ्या. जागा वाचवण्याची खरी संधी इथेच आहे.

फाइली वेगळ्या केल्यावर असं ठरवा:

- वेव्ह आणि एआयएफएफ: फ्लॅक किंवा एएलएसीमध्ये न्यायच्या. आवाजाचं नुकसान शून्य.
- फ्लॅक आणि एएलएसी: आधीच लहान झालेल्या आहेत. थोडीफार कसर काढता येईल, फार नाही.
- एमपीथ्री, एएसी, ओपस: यांना हात लावायचा नाही. कारण दहाव्या पायरीत.

## २. फाइल दाखवते तशी खरंच आहे का?

कुणीतरी कधीतरी १२८ केबीपीएसची एमपीथ्री घेऊन तिचं फ्लॅक केलेलं असतं आणि ती फाइल लॉसलेस म्हणून फिरत राहते. आकार पंचवीस एमबी, आत आवाज मात्र तीन-चार एमबीच्या लायकीचा. अशा फाइली जपण्यात जागा वाया जाते.

स्पेक उघडा आणि फाइल त्यात ओढून सोडा. आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर वारंवारता आणि रंगाने आवाजाची तीव्रता दिसेल. सीडीवरून नीट घेतलेल्या गाण्यात रंग वरपर्यंत, २२ किलोहर्ट्झच्या जवळपास, पातळ होत गेलेले असतात. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत मात्र १६ किलोहर्ट्झच्या आसपास पट्टीने आखल्यासारखी सरळ कड दिसते आणि तिच्यावर काळं. गाणं कुठलंही असो, ती कड जागची हलत नाही.

इथे घाईने निकाल देऊ नका. जुन्या ध्वनिमुद्रणांत वरच्या वारंवारता मुळातच नसतात. त्या काळच्या मायक्रोफोनना आणि टेपला त्या पकडताच आल्या नाहीत. तिथे रंग हळूहळू विरत जातो, कड नसते. उलट ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत कड २० किलोहर्ट्झजवळ असते आणि ती चटकन नजरेत भरत नाही. म्हणजे स्पेक्ट्रम पाहून संशय घ्यायला जागा मिळते, पण अस्सलपणाचं प्रमाणपत्र मिळत नाही.

जी फाइल नक्की बनावट निघेल तिची मूळ सीडी किंवा खरी लॉसलेस फाइल मिळते का ते शोधा. नाहीच मिळाली तर आहे ती राहू द्या. तिची पुन्हा एमपीथ्री केलीत तर आवाज आणखी एकदा घसरेल.

## ३. बॅकअप

सगळा संग्रह बाहेरच्या डिस्कवर उतरवा, डिस्क काढून बाजूला ठेवा. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## ४. वेव्हचं फ्लॅक करा

फ्लॅकची पहिली स्थिर आवृत्ती २००१ मध्ये आली. हा प्रकार पहिल्यापासून खुला आणि मोफत आहे आणि २०२४ मध्ये आरएफसी ९६३९ या क्रमांकाने त्याचा अधिकृत इंटरनेट मानक दस्तऐवजही निघाला. दहा-वीस वर्षांनी ही फाइल उघडेल का, ही काळजी त्यामुळे करायचं कारण नाही. विंडोज १० पासून पुढे आणि अँड्रॉइडवर फ्लॅक आपसूक वाजतं. आयफोनवर आयओएस ११ पासून फाइल्स ॲपमध्ये वाजतं, पण ॲपलच्या म्युझिक ॲपच्या संग्रहात ते घेता येत नाही. तुमचं सगळं ऐकणं ॲपलच्या उपकरणांवर असेल तर सरळ एएलएसी निवडा. तेही २०११ पासून खुलं आहे. फ्लॅकचं एएलएसी आणि एएलएसीचं फ्लॅक कितीही वेळा करा, आवाजाचा एक बिटही बदलत नाही. म्हणून या निवडीवर फार डोकं खपवू नका.

आवाज न गमावता फाइल लहान होतेच कशी, ही शंका बहुतेकांना असते आणि ती फिटल्याशिवाय मूळ फाइल पुसायला हात धजत नाही. एक छोटंसं उदाहरण पाहा. समजा चार सलग सॅम्पल १०००, १०४०, १०७८ आणि १११३ असे आहेत. आवाजाची लाट एकदम उड्या मारत नाही, त्यामुळे पुढचा आकडा मागच्यांवरून ताडता येतो. १००० नंतर १०४० आला, म्हणजे ४० ने वाढ. तशीच वाढ पुढे धरली तर १०८० यायला हवा. प्रत्यक्षात आला १०७८, म्हणजे अंदाज २ ने चुकला. आता १०४० नंतर १०७८, वाढ ३८; अंदाज १११६, प्रत्यक्षात १११३, चूक ३ ची. फ्लॅक फाइलीत सुरुवातीचे आकडे, अंदाजाचं सूत्र आणि या छोट्या चुका एवढंच लिहिलं जातं. २ आणि ३ लिहायला १६ बिट लागत नाहीत, मोजके पुरतात. वाजवताना तोच अंदाज पुन्हा काढून त्यात चूक मिळवली की मूळ आकडा तंतोतंत हातात येतो. खरं सूत्र याहून गुंतागुंतीचं असतं आणि सीडीच्या आवाजासाठी सहसा ४०९६ सॅम्पलच्या तुकड्यागणिक नव्याने ठरतं, पण तत्त्व हेच.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. एकट्या सतारीचा संथ आलाप मूळ आकाराच्या निम्म्याच्या आसपास येईल, कधी त्याहूनही खाली. सतत गच्च भरलेला, मोठ्या आवाजातला रॉक जेमतेम सत्तर टक्क्यांवर अडेल. आवाजाचा अंदाज जितका सोपा तितकी फाइल लहान. त्यामुळे एकाच संग्रहात दोन फ्लॅक फाइलींच्या बिटरेटमध्ये मोठी तफावत दिसली तर गडबड समजू नका. लॉसलेसमध्ये बिटरेट हा दर्जाचा आकडा नसतोच.

आता प्रत्यक्ष काम. फूबार२००० मध्ये पूर्ण अल्बम निवडा, उजवं क्लिक करा, कन्व्हर्ट आणि मग तीन टिंबांचा पर्याय निवडा. समोर चार भाग येतील.

पहिला भाग आउटपुट फॉरमॅट. फ्लॅक निवडा. ० ते ८ असे स्तर दिसतील. हा दर्जाचा स्तर नाही, मेहनतीचा आहे. ० वर संगणक कमी कष्ट घेतो आणि फाइल थोडी मोठी राहते, ८ वर जास्त कष्ट घेऊन फाइल किंचित लहान होते. आवाज सगळीकडे तोच. ५ हा नेहमीचा स्तर. ५ आणि ८ मध्ये सहसा एखाद्या टक्क्याचा किंवा त्याहूनही कमी फरक पडतो. मी ८ ठेवतो, कारण रूपांतर एकदाच करायचं असतं आणि वाजवायला दोन्ही सारख्याच हलक्या. इथेच बिट डेप्थ 'ऑटो' आणि डिदर (आवाजात मुद्दाम मिसळला जाणारा अगदी बारीक गोंगाट) 'नेव्हर' आहे ना, हे पाहा.

दुसरा भाग फाइली कुठे जायच्या त्याचा. नवा, रिकामा फोल्डर द्या. मूळ फोल्डरमध्येच नव्या फाइली ओतल्या की पुढे काय पुसायचं आणि काय ठेवायचं याचा पत्ता लागत नाही.

तिसरा भाग प्रोसेसिंग. हा पूर्ण रिकामा हवा. सगळ्यात जास्त घात इथे होतो. आवाज समान करणारं नॉर्मलाइझ, सॅम्पल रेट बदलणारा रीसॅम्पलर, इक्वलायझर यांपैकी एक जरी चालू राहिलं तरी फ्लॅक लॉसलेसच बनेल, पण बदललेल्या आवाजाचं. गाण्यांचे आवाज कमीजास्त असल्याचा त्रास होत असेल तर रीप्लेगेन वापरा. ते फक्त टॅगमध्ये एक आकडा लिहितं आणि वाजवताना आवाज तेवढा कमीजास्त होतो. मूळ आकड्यांना ते स्पर्श करत नाही.

चौथा भाग इतर. टॅग आणि चित्रं नव्या फाइलीत उतरवण्याच्या खुणा चालू ठेवा.

पहिल्यांदा एकच अल्बम करून पाहा. सगळं ठीक निघालं की मग बाकीचा संग्रह लावा.

स्वतः ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी दोन सूचना. ३२ बिट फ्लोट प्रकारच्या वेव्ह फाइली फ्लॅकमध्ये जशाच्या तशा मावत नाहीत, कारण फ्लॅक फक्त पूर्णांक ठेवतं. अशा फाइलींसाठी वेव्हपॅक घ्या, ते फ्लोटही लॉसलेस ठेवतं. दुसरं, रेकॉर्डर वेव्ह फाइलीत वेळेच्या खुणा किंवा टिपा लिहीत असेल तर साध्या रूपांतरात त्या गळून पडू शकतात. आवाज पूर्ण राहतो, नोंदी जातात. फ्लॅकच्या मूळ एन्कोडरमध्ये या नोंदी जपण्याचा वेगळा पर्याय आहे, तो चालू करावा लागतो.

आणि ऑडॅसिटीसारखं संपादनाचं सॉफ्टवेअर नुसत्या रूपांतरासाठी वापरू नका. ते आवाज आपल्या अंतर्गत स्वरूपात उघडतं आणि निर्यात करताना सेटिंगनुसार त्यात डिदर मिसळू शकतं. कानाला तो कळणार नाही, पण बिट बदललेले असतील आणि पुढच्या पायरीची तपासणी फसेल.

## ५. पुसण्याआधी पडताळा

ही पायरी लोक गाळतात. सॉफ्टवेअरने 'पूर्ण झालं' म्हटलं की काम झालं असं वाटतं. पण डिस्क ऐनवेळी भरणं, खराब केबल, मध्येच झोपी गेलेला संगणक, यांतलं काहीही एखादी फाइल अर्धवट सोडू शकतं.

तपासणी दोन प्रकारची. पहिली फाइल स्वतःशी जुळते का याची. फ्लॅक बनवताना एन्कोडर मूळ आवाजाचा एमडी५ हा ठसा फाइलीच्या सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. फाइल इंटेग्रिटी व्हेरिफायर हा घटक फूबार२००० मध्ये घातलात की तो प्रत्येक फाइल उलगडतो, तिचा ठसा पुन्हा काढतो आणि नोंदवलेल्याशी ताडून पाहतो. ही एकटी सोयसुद्धा फ्लॅकला मूळ वेव्हपेक्षा सरस ठरवते, कारण पाच वर्षांनी डिस्क कुरतडायला लागली तर कोणती फाइल बिघडली हे नेमकं कळतं. वेव्ह फाइलीत असा ठसा नसतो.

दुसरी तपासणी मुळाशी जुळते का याची. बायनरी कंपॅरेटर हा घटक घाला, मूळ वेव्ह आणि नवी फ्लॅक एकत्र निवडा, उजव्या क्लिकमधल्या युटिलिटीजमध्ये जाऊन तुलना चालवा. उलगडलेल्या डेटात काहीही फरक नाही असा निकाल यायला हवा. फरक आला तर बहुतेक वेळा कारण चौथ्या पायरीतल्या प्रोसेसिंगमध्ये सापडतं. पूर्ण अल्बम एका दमात तुलनेला लावता येतो, त्यामुळे आळस करायला जागा नाही.

दोन्ही तपासण्या पार झालेल्या अल्बमच्याच मूळ वेव्ह फाइली पुसा. नुसतं कानाने ऐकून 'ठीक वाटतंय' म्हणत पुसू नका. गाण्याच्या चौथ्या मिनिटाला झालेला बिघाड पहिलं मिनिट ऐकून कळत नाही.

## ६. सीडी अजून हाताशी असेल तर

सीडीवरून थेट फ्लॅक करा, मधे वेव्ह नको. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी. दोन्हींत ॲक्युरेटरिप चालू ठेवा: तुमच्या सीडीतून निघालेला आवाज इतरांनी त्याच सीडीतून काढलेल्या आवाजाशी ताडला जातो. जुळला तर ओरखड्यांमुळे काही बिघडलेलं नाही याची खात्री पटते.

## ७. २४ बिटांच्या फाइलींचं काय करायचं

इथे थोडा विचार लागतो. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचा आवाज मिनिटाला साधारण साडेचौतीस एमबी खातो, १९२ किलोहर्ट्झचा त्याच्या दुप्पट. फ्लॅक करूनही या फाइली मोठ्याच राहतात, कारण खालच्या बिटांत बहुतांश सूक्ष्म गोंगाट असतो आणि गोंगाटाचा अंदाज बांधता येत नाही.

आधी स्पेकमध्ये पाहा. ९६ किलोहर्ट्झच्या फाइलीत २२ किलोहर्ट्झच्या वर सरसकट काळं असेल, तर तो सीडीच्या दर्जाचाच आवाज फुगवून दिलेला असण्याची दाट शक्यता आहे. मूळ १६ बिट आवाजात नुसती शून्यं भरून २४ बिट केलेलं असेल तर फ्लॅक ते आपोआप ओळखतं आणि त्या शून्यांसाठी जागा घालवत नाही.

आवाज खरोखरच हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाचा असेल तर ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटांवर आणणं हे काटेकोर अर्थाने लॉसलेस नाही; काही आकडे कायमचे जातात. पण ऐकण्यापुरतं पाहायचं तर ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो आणि माणसाच्या कानाची मजल सुमारे २० पर्यंत. १६ बिटांत मिळणारी, सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातली सुमारे ९६ डेसिबलची तफावत घरात ऐकायला पुष्कळ झाली. माझं मत स्पष्ट आहे: नुसतं ऐकायचं असेल तर खाली आणायला हरकत नाही. स्वतः केलेलं ध्वनिमुद्रण असेल, पुढे त्यावर संपादन करायचं असेल, तर २४ बिटच ठेवा. खाली आणताना चांगला रीसॅम्पलर वापरा आणि इथे मात्र डिदर चालू करा. आधी ते बंद ठेवायला सांगितलं होतं ते बिट न बदलणाऱ्या रूपांतरासाठी.

जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांबद्दलही हाच सावधपणा. दोन्ही चॅनेल अगदी सारखे असतील तर फ्लॅक ते ओळखून फाइल जवळजवळ निम्मी करतं, तुम्हाला काही करावं लागत नाही. टेपवरून घेतलेल्या मोनोमध्ये दोन्ही बाजूंची खरखर थोडी वेगळी असते, म्हणून तेवढी बचत होत नाही. तिथे बळेच मोनो करणं म्हणजे मूळ बदलणं, हे ध्यानात ठेवा.

## ८. कव्हरचं चित्र आणि दुहेरी फाइली

पाच एमबीचं कव्हर बारा गाण्यांच्या प्रत्येक फाइलीत घातलेलं असेल तर एका अल्बममागे साठ एमबी नुसत्या चित्रात जातात. एमपीथ्रीटॅगमध्ये पूर्ण अल्बम निवडा, चित्र बाहेर काढून त्याची ६०० पिक्सेलच्या आसपासची जेपेग करा आणि तीच परत घाला. मोठं चित्र फोल्डरमध्ये एकदाच ठेवा.

एकच गाणं तीन ठिकाणी असेल तर पिकार्ड ते आवाजाच्या ठशावरून ओळखायला मदत करतं, फाइलीचं नाव काहीही असलं तरी. मात्र थेट मैफलीतली आणि स्टुडिओतली आवृत्ती एकच समजून पुसू नका. कालावधी पाहा, दोन्ही ऐका.

## ९. फोनसाठी छोटी प्रत

आता लॉसीची वेळ. प्रत नेहमी लॉसलेस फाइलीपासूनच काढायची. पर्याय असे:

- ओपस, १२८ केबीपीएस: मिनिटाला एक एमबीपेक्षा थोडं कमी. एवढ्या आकारात याच्या तोडीचा आवाज जुन्या प्रकारांत मिळत नाही. २०१२ पासूनचा खुला मानक. अँड्रॉइडवर अडचण नाही.
- एएसी, २५६ केबीपीएस: मिनिटाला दोन एमबीच्या जरा खाली. ॲपलची उपकरणं असतील तर हे घ्या.
- एमपीथ्री, लेम नावाचा एन्कोडर, त्याचं व्हीझिरो हे बदलत्या बिटरेटचं सेटिंग: सरासरी सुमारे २४५ केबीपीएस. गाडीतला जुना प्लेअर, पेनड्राइव्हवर चालणारा स्पीकर, जिथे दुसरं काही चालत नाही तिथे हे चालतं.

एमपीथ्री निवडलीत तर ३२० केबीपीएसच्या ठरावीक दरापेक्षा व्हीझिरोचा बदलता दर घ्या. ठरावीक दरात दोन सुरांमधल्या शांततेवरही तेवढेच बिट उधळले जातात. बदलत्या दरात जिथे गरज असते तिथे जास्त आणि बाकी ठिकाणी कमी. जागा आणखी वाचवायची तर व्हीटू, सरासरी सुमारे १९० केबीपीएस.

व्याख्यान किंवा बोलणं असेल तर मोनो ओपस ३२ केबीपीएसवरही स्वच्छ ऐकू येतं.

तुमच्या कानाला कोणता आकडा पुरतो हे दुसऱ्याला विचारू नका, एबीएक्स चाचणी करा. फूबार२००० चा एबीएक्स घटक मूळ आणि छोटी प्रत लपवून एक्स आणि वाय म्हणून वाजवतो; कोणती कोणती ते तुम्ही ओळखायचं. अशा किमान सोळा फेऱ्या करा. आठ-नऊ बरोबर आल्या तर तो नुसता अंदाज आहे, तुम्हाला फरक ऐकू येत नाही. चौदा-पंधरा आल्या तर फरक खरा आहे, बिटरेट वाढवा. चाचणीसाठी टाळ्या, झांजा, करताल, तंतुवाद्याचा तुटक आघात असे तुकडे निवडा. लॉसी एन्कोडरची कसोटी तिथेच लागते. चाचणी तारेच्या हेडफोनवर करायची, कारण ब्लूटूथने पाठवताना आवाज सहसा पुन्हा एकदा लॉसी कोडेकमधून जातो आणि तुम्ही फाइलऐवजी त्या कोडेकची परीक्षा घेत बसता. याच कारणाने, फोनवर ब्लूटूथनेच ऐकणार असाल तर फोनमध्ये फ्लॅक भरण्यात अर्थ नाही.

## १०. आधीपासून असलेल्या एमपीथ्री

यांचं काय करावं हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. ३२० ची १२८ केली तर आवाज दोनदा कापला जातो. मुळातून थेट १२८ केलेल्या फाइलीपेक्षाही ती वाईट निघते. १२८ ची ३२० केली तर फाइल अडीच पट होते आणि गेलेलं काही परत येत नाही. फ्लॅक केलं तर ती कितीतरी पट फुगते आणि वर दुसऱ्या पायरीतल्या बनावट फाइलींत आणखी एकीची भर पडते. झिप करूनही फरक नगण्य, आणि गाणं वाजवायला आधी उलगडावं लागतं.

आवाजाला न दुखवता इथे तीनच गोष्टी करता येतात: मोठी कव्हरं लहान करणं, दुहेरी फाइली काढणं आणि ३२० च्या ठरावीक दराच्या फाइलींतली रिकामी भरती एमपीथ्रीपॅकरने काढून टाकणं. हे शेवटचं साधन आवाज पुन्हा एन्कोड करत नाही, आहे तेच बिट अधिक घट्ट मांडतं. शांत, विरळ गाण्यांत त्याने बऱ्यापैकी जागा सुटते, गच्च गाण्यांत जवळजवळ काहीच नाही. आधी प्रतीवर चालवा, तुमच्या प्लेअरवर गाणं पुढेमागे सरकवून पाहा आणि मगच बाकीच्या फाइलींवर चालवा.